टेप कुठून धरायचा?

बंगळुरात फ्लॅट विकायचा असेल तर त्याच्या नावात 'लेक' असावं लागतं. तलाव असलाच पाहिजे असं काही नाही, नाव पुरतं. लेक व्ह्यू, लेक साइड, लेक ब्रीझ, लेक व्हिस्टा असे फलक वाचत आउटर रिंग रोडने तासभर गेलं (म्हणजे साधारण तीन किलोमीटर), की नवख्या माणसाला वाटतं आपण चुकून श्रीनगरला उतरलो. मग एकेक घर बघायला लागलं की त्यातले प्रकार कळतात. काही ठिकाणी तलाव बाल्कनीतून दिसतो. काही ठिकाणी गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीवर चढून, मान डावीकडे वळवली की दिसतो. आणि काही ठिकाणी सप्टेंबरातल्या एखाद्या रात्री तो स्वतःच तळघरातल्या पार्किंगमध्ये येऊन आपल्याला बघून जातो. तिन्ही प्रकारांना चौरस फुटाचा दर सारखाच.

तलावापासून किती अंतरावर बांधायचं याचे नियम शहरात आहेत. बंगळुरात नियम नाहीत, अशी तक्रार कुणालाच करता येणार नाही. उलट गेल्या दहा वर्षांत या एका अंतराचे इतके आकडे येऊन गेले की पाठ करणाऱ्याची दमछाक व्हावी. आधी ३० मीटर, मग ७५, मग पुन्हा ३०, आणि विधिमंडळाने मंजूर केलेल्या ताज्या विधेयकात तलाव एक एकराच्या आतला असेल तर ३. तलाव आहे तिथेच आहे. त्याच्यापासूनचं अंतर तेवढं फिरतीवर आहे.

मुळात हे तलाव आले कुठून? बंगळूरला नदी नाही. वृषभावती नावाची एक आहे, पण तिच्यावरच्या पुलावरून जाताना लोक नमस्कार करत नाहीत, गाडीच्या काचा वर करतात. शहर समुद्रसपाटीपासून नऊशेच्या आसपास मीटर उंचीवर, एका उंचवट्याच्या कण्यावर बसलेलं. पाऊस पडला की पाणी तीन खोऱ्यांकडे धावत सुटतं: हेब्बाळ, वृषभावती आणि कोरमंगला-चल्लघट्ट. केम्पेगौडांनी १५३७मध्ये शहर वसवलं तेव्हापासून इथल्या राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी या धावत्या पाण्याला जागोजागी बांध घातले. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी नाल्यात, नाल्यातून खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या खालच्यात. या मोठ्या नाल्यांना इथे राजकालुवे म्हणतात. सगळा कारभार उतारावर चालायचा. पंप नाही, वीजबिल नाही, निविदा नाही. निविदा नाही म्हटल्यावर आजच्या दृष्टीने ती योजनाच म्हणता येणार नाही, हा भाग वेगळा.

मराठी वाचकाला इथे थोडा अभिमान वाटून घ्यायला जागा आहे. १६३८मध्ये रणदुल्लाखानाबरोबरच्या मोहिमेत शहाजीराजे इथे आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीत आलं. म्हणजे नोकरीनिमित्त बंगळुरात स्थायिक होणारे आपण काही पहिले नव्हे. पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजांनी शहर विकायला काढलं, व्यवहार ठरत असताना मधेच मुघल टपकले, आणि सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेलं. तीन लाखांत अख्खं शहर, तलावांसकट! आज तेवढ्यात झाकलेलं पार्किंगही देताना बिल्डर उपकार केल्यासारखा चेहरा करतो.

तलाव बुजवायला बिल्डरांनी सुरुवात केली असं म्हणणं मात्र त्यांच्यावर अन्याय ठरेल. मुहूर्त सरकारी होता. मॅजेस्टिकचं बसस्थानक धर्मांबुधी तलावावर उभं आहे. कंठीरव स्टेडियम संपंगी तलावात. फुटबॉलचं मैदान शूले तलावात, हॉकीचं अक्कितिम्मनहळ्ळीच्या तलावात, गोल्फ कोर्स चल्लघट्टच्या तलावात. १९९७च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी कोरमंगलात क्रीडाग्राम उभं राहिलं तेही तलावाच्याच पोटात. जलतरण सोडून बहुतेक सगळ्या खेळांना या शहरात तलावांनी जागा दिलेली आहे. संपंगी तलावाचं एक चौकोनी कुंड तेवढं स्टेडियमजवळ उरलं आहे. दरवर्षीच्या करग उत्सवातले विधी तिथे व्हावे लागतात, म्हणून उरलं. देवीचं काम नसतं तर तिथे आज टेनिस कोर्ट असतं, यात मला शंका नाही.

आता त्या अंतराकडे येऊ.

शहराचा जो विकास आराखडा सध्या चालू आहे त्याचं नाव 'आराखडा २०१५'. तो मंजूर झाला २००७ साली. पुढे २०३१चा आराखडा तयार करायला घेतला, त्याचा मसुदा निघाला, हरकती आल्या, आणि मसुदा मागे गेला. त्यामुळे शहर आजही २०१५च्या भविष्याकडे वाटचाल करतं आहे. या आराखड्यात लिहिलं आहे की तलावाभोवती ३० मीटर आणि राजकालुव्यांपासून ५०, २५ किंवा १५ मीटर बांधकाम करायचं नाही. नाला पहिल्या दर्जाचा असेल तर ५०, दुसऱ्या दर्जाचा २५, तिसऱ्या दर्जाचा १५. नाल्यांतही वर्णव्यवस्था आहे आणि अंतर त्याप्रमाणे पाळायचं आहे. मोजायचं नाल्याच्या मध्यापासून.

हा 'मध्य' मला फार आवडतो. नाल्याचा मध्य काढायचा तर दोन्ही काठ माहीत हवेत. बंगळुरातला नाला म्हणजे जुन्या नकाशात चांगला रुंद, आणि प्रत्यक्षात दोन कंपाउंड भिंतींच्या मधून जेमतेम वाट काढणारा. समजा समोरच्याने आपली भिंत नाल्यात पाच मीटर पुढे सरकवली. आता डोळ्यांना दिसणाऱ्या नाल्याचा मध्य अडीच मीटर तुमच्या घराकडे सरकला. अतिक्रमण त्याचं, आणि नियम मोडण्याच्या जवळ तुम्ही गेलात. कायदा अर्थात असं म्हणत नाही. कायदा म्हणतो, जुना गाव नकाशा प्रमाण. फक्त तो नकाशा काढला तेव्हा इथे नाचणीची शेतं होती, आणि मोजणीदाराने खूण म्हणून धरलेलं झाड आता एका मॉलच्या फूड कोर्टात असावं.

४ मे २०१६ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने या हिशेबाला हात घातला. आगरा आणि बेळ्ळंदूर तलावांच्या मधल्या पट्ट्यात दोन बडे प्रकल्प उभे राहत होते. फॉरवर्ड फाउंडेशन आणि इतर काही जण त्याविरुद्ध लवादाकडे गेले होते. लवादाने त्या प्रकल्पांपुरतं न बोलता सगळ्या शहराचंच अंतर वाढवलं. तलावापासून ७५ मीटर. राजकालुव्यांपासून ५०, ३५, २५, आणि तेही मध्यापासून नव्हे, काठापासून. एका दिवसात शहराचा टेप मध्यावरून काठावर आला.

७५ मीटर म्हणजे किती ते बंगळूरच्या भाषेत सांगायला हवं. इथे प्लॉटला साइट म्हणतात आणि मध्यमवर्गाची साइट ३० बाय ४० फुटांची असते. ७५ मीटरमध्ये अशा सहा साइटी एकामागे एक बसतात. म्हणजे तलावाकाठच्या वसाहतीत एकदम सहा ओळी नियमाच्या आत आल्या. ज्याने निवृत्तीच्या पैशातून साइट घेऊन घर पुढच्या वर्षी बांधू म्हणून ठेवलं होतं, त्याच्याकडे आता रीतसर खरेदीखत असलेला तुळशीवृंदावनापुरता जमिनीचा तुकडा तेवढा उरला. शेजारच्याने गेल्याच वर्षी परवानगी घेतलेली, त्याचे चार मजले झाले. दोघांच्या मधली भिंत सामायिक. भिंतीच्या अलीकडे पर्यावरण, पलीकडे विकास.

तीन वर्षं असं चाललं. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आराखडा कायद्याने झालेला आहे, त्यातले आकडे लवादाला असे परस्पर बदलता येत नाहीत. ७५ पुन्हा ३० झाले. टेप काठावरून पुन्हा मध्यावर गेला. आता तुम्ही एखाद्या तलावाभोवती चक्कर मारलीत तर परवानगीच्या तारखेप्रमाणे इमारती मागेपुढे उभ्या दिसतील. काही तलावाला खेटून, काही अदबीने मागे, पुन्हा काही खेटून. जाणकार माणूस नुसतं अंतर बघून इमारतीचं साल सांगतो.

काठ म्हणजे काय, हाही एक प्रश्नच आहे. उन्हाळ्यात काठ आत जातो, पावसाळ्यात बाहेर येतो, आणि मधल्या काळात जलपर्णी इतकी दाट असते की काठ कुठे संपतो हे म्हशींनाही ठरवता येत नाही. बेळ्ळंदूरला तर फेस धरायचा की पाणी, असा प्रश्न पडावा. सुमारे नऊशे एकरांचा हा तलाव, शहरातला सगळ्यात मोठा. वरच्या वस्त्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात येत राहिलं, तेव्हा साबणाचा फेस उडून रस्त्यावर यायला लागला. दुचाकीवाले त्यातून वाट काढत जायचे. महापालिकेने उपाय केला: तलावाकडेने जाळी लावली. फेसाला जाळी. फेब्रुवारी २०१७मध्ये तलावाने पेट घेतला आणि जानेवारी २०१८मध्ये पुन्हा घेतला, तेव्हा लष्कराचे जवान विझवायला उतरले. पाण्याला लागलेली आग पाणी मारून विझवताना लोकांनी पाहिली, पण त्या दिवसांतही आसपासच्या इमारतींच्या जाहिरातीतून 'वॉटरफ्रंट' हा शब्द गेला नव्हता. 'फायरप्लेस' तेवढा घातला नाही, हा त्यांचा विनय.

आम्ही घर बघायला निघालो तेव्हा सासरे सांगलीहून आलेले होते. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सांगलीचा माणूस मीटर वगैरे मानत नाही. त्याचं सगळं गणित कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या फुटांत असतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ला ५७च्या वर गेलं होतं हे तो झोपेतही सांगतो. सूर्यवंशी प्लॉटात पाणी कधी शिरतं, मारुती चौकात कधी, हे तिथल्या पोरांनाही पाढ्यांच्या आधी येतं. अशा माणसाला बरोबर घेऊन बंगळुरात फ्लॅट बघायला जाऊ नये. विक्रीच्या मुलांचा महिना खराब होतो.

सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीत प्रकल्पाची प्रतिकृती होती. निळ्या ॲक्रिलिकचा तलाव, त्यावर दोन पांढरे हंस, काठाला हिरव्या रंगवलेल्या स्पंजची झाडं, आणि अंगठ्याएवढं एक जोडपं जॉगिंग करताना थांबलेलं. तलाव इमारतींच्या दुप्पट होता. खरा तलाव आम्ही येताना बघितला होता. त्यात हंस नव्हते. एक जेसीबी होता. माहिती देणारा मुलगा आमचं आपसातलं बोलणं ऐकून एकदम मराठीत शिरला. बेळगावचा निघाला.

"लेक किती लांब आहे हो?" आमच्या हिने विचारलं.

"जवळच हाय की ओ वहिनी. चालत दोन मिनिटं."

"आणि नियमानं किती लांब पाहिजे?" अण्णांनी विचारलं.

"नियमानं लांबच हाय, काका. तसलं काय टेन्शन नाही."

"म्हणजे जवळ की लांब?"

पोरगा बेळगावचा, त्यामुळे खोटं बोलणं त्याला जमेना. "विकताना जवळ हाय," तो म्हणाला, "आणि परवानगीला लांब."

लग्न जमवताना मुलाचं वय मुलीकडच्यांना एक आणि विमा कंपनीला एक सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

अण्णांनी गाव नकाशा मागितला. एनओसींची जाडजूड फाइल आली. पाणीपुरवठा मंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्निशमन, वीज, विमानतळ. विमानं पाण्यात बुडणार नाहीत याची खात्री झालेली होती. शेवटी तळाशी नकाशाची एक झेरॉक्स निघाली. तिच्यावर दोन समांतर रेघांचा एक ओढा वरच्या कोपऱ्यातून शिरून तलावाकडे गेलेला. अण्णांनी ती झेरॉक्स प्रतिकृतीशेजारी धरली, फिरवली, पुन्हा धरली. ओढा बरोबर क्लब हाउसखालून जात होता.

"बाळ, इथं ओढा दाखवलाय. तिथं तुमचं काय आहे?"

"स्विमिंग पूल हाय की ओ काका."

अण्णा नुसते बघत राहिले. मुलाला वाटलं, यांना पटलेलं नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पाण्याची जागा पाण्यालाच दिली की."

बाहेर पडताना अण्णांनी स्वागताला मिळालेली पाण्याची बाटली उघडली आणि प्रवेशद्वाराच्या फरशीवर सावकाश ओतली. आम्हाला वाटलं, वयानुसार काही होतंय. पाणी जरा थबकलं, इकडे तिकडे झालं, मग एक बारीक धार धरून रॅम्पवरून तळघराकडे निघालं. लिफ्टच्या दारापर्यंत गेलं. "ते ड्रेनेजचं काम बाकी हाय," मुलगा घाईने म्हणाला. आम्ही ते घर घेतलं नाही. कारण ओढा नव्हे, दर. ओढ्यासकट परवडलं असतं तर आमच्या घरी अण्णांचं कुणी ऐकलं नसतं, हे अण्णांनाही माहीत आहे.

त्या मुलाला हसण्यात अर्थ नाही. हे जे 'परवानगीला लांब' आहे ते किती लांब असतं ते २०२२ने दाखवलं. ३० ऑगस्टच्या पावसात आउटर रिंग रोडवर लोक पाच-पाच तास अडकले. तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना लिहिलं की एका दिवसात २२५ कोटींचं नुकसान झालं. दुसऱ्या आठवड्यात आणखी पाऊस आला, आणि देशाने ते प्रसिद्ध दृश्य बघितलं: लॅपटॉपची बॅग छातीशी धरून संगणक अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे. सर्जापूर रोड, येमलूर इथल्या कोटी-कोटींच्या बंगल्यांतून माणसं, कुत्री आणि पासपोर्ट रबरी होड्यांतून बाहेर काढले. ज्या जमिनीवरून दोन पिढ्यांपूर्वी ट्रॅक्टर गेला, तिथे तो परत आला होता. फक्त चालकाशेजारी बसण्यासाठी आता अभियांत्रिकीची पदवी लागत होती.

मग बुलडोझर निघाले. भिंतींवर लाल खुणा झाल्या. मोजणीदार गाव नकाशा घेऊन फिरू लागले. कुणाचं स्वयंपाकघर नाल्यात निघालं, कुणाचा जिना. ज्यांचं पडलं त्यातल्या कित्येकांच्या हातात मंजूर नकाशा होता, बँकेचं कर्ज होतं, भरलेल्या मालमत्ता कराच्या पावत्या होत्या. ज्या सरकारने कर घेतला, त्याच सरकारने मोजणीदार पाठवला. आणि ज्यांनी सही केली होती ते अधिकारी कुठे आहेत, हे कुठल्याच नकाशात दाखवलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी पाऊस थांबला, तसे बुलडोझरही थांबले. राजकालुव्याचा विषय या शहरात हंगामी आहे.

बरं, पाणी जास्त झालं म्हणून तक्रार करावी तर मार्च २०२४मध्ये त्याच भागांत नळ कोरडे पडले. उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या घरची बोअरवेल आटली. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाणीपुरवठा मंडळ ५००० रुपये दंड करणार होतं. पाणी शंभर किलोमीटरवरून, कावेरीतून, चढावर पंप मारत आणायचं. आभाळातून फुकट पडलेलं दोन दिवसांत तमिळनाडूकडे जाऊ द्यायचं. आणि सांडपाणी शुद्ध करून २०१८पासून कोलारच्या तलावांत भरायचं, कारण तिथे तलाव अजून तलावाच्या जागी आहेत. अण्णांना हा सगळा क्रम समजावून सांगितला तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "डिझाइन कुणी पास केलं?"

तलावांचंच नशीब असं आहे असंही नाही. शहराच्या दक्षिणेला बन्नेरघट्टचं राष्ट्रीय उद्यान आहे. हत्ती तिथून येतात-जातात. त्याच्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याचा २०१६चा मसुदा २६८.९६ चौरस किलोमीटरचा होता. मार्च २०२०मध्ये अंतिम अधिसूचना निघाली ती १६८.८४ची. पट्ट्याची रुंदी काही ठिकाणी एक किलोमीटर, काही ठिकाणी शंभर मीटर. शंभर चौरस किलोमीटर गाळले गेले. हत्तींनी हरकत नोंदवल्याचं ऐकिवात नाही. त्यांची पद्धत रात्री येऊन केळी खाण्याची आहे.

आता ते ३ मीटरचं विधेयक. २०१४च्या तलाव संवर्धन कायद्यात सगळ्या तलावांना सरसकट ३० मीटर होते. ऑगस्ट २०२५मध्ये कर्नाटक विधिमंडळाने जी दुरुस्ती मंजूर केली तिच्यात आकारानुसार अंतर आहे. शंभर एकरांच्या वरच्या तलावाला ३० मीटर कायम. २५ ते १०० एकरांना २४, १० ते २५ला १२, १ ते १०ला ६, आणि एक एकराच्या आतल्याला ३. अगदीच चिमुकल्या डबक्यांची तर हिशेबात गणतीच नाही.

यामागचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, ते आधी सांगतो. एक एकराचं चौरस तळं घ्या. बाजू साधारण ६४ मीटर. त्याच्याभोवती ३० मीटर सोडले तर आणखी पावणेतीन एकर जमीन अडकते. ज्याची ती जमीन आहे त्याने काय करावं? त्याच्याकडून सरकारने काही विकत घेतलेली नाही, आणि काही करूही देत नाही. नव्या हिशेबाने ३ मीटर सोडले की अडकणारी जमीन आठ गुंठ्यांवर येते. पावणेतीन एकरांवरून आठ गुंठे. गुंठ्याचा बंगळुरातला भाव माहीत असलेल्या माणसाला हे गणित लगेच समजतं, आणि तो पर्यावरणवादी असला तरी एक क्षण गप्प बसतो.

पण अण्णांनी विचारला असता तो प्रश्न कुणी विधिमंडळात नीट विचारला का? लहान तळी असतात कुठे? वर. साखळीच्या सुरुवातीला. पाऊस आधी तिथे थांबतो, मग सावकाश खाली उतरतो. वरचं एक एकराचं तळं बुजलं की त्याचं पाणी कुठे जात नाही, ते लवकर येतं, एवढंच. दहा तळ्यांचं दहा दिवसांत येणारं पाणी एका रात्रीत बेळ्ळंदूरला पोचतं. मग बेळ्ळंदूरभोवती ३० मीटर सोडा नाहीतर ३००, त्या रात्री ते अंतर पाण्याखालीच असणार. मोठ्या तलावाला मोठा मान आणि लहानाला लहान, हा न्याय माणसांच्या सरकारी प्रोटोकॉलमध्ये चालतो. उतारावर नेमकं उलटं पाहिजे. आकारावरून अंतर ठरवण्यापेक्षा तळं साखळीत कुठे बसतं त्यावरून ठरवलं असतं, आणि ज्याची जमीन अडकते त्याला रोख मोबदला किंवा दुसरीकडे बांधायचा हक्क दिला असता, तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. तसं झालेलं नाही. मोजणीला सोपं ते केलं आहे.

आणि हे कुणाला जाऊन सांगायचं? तलावाची जमीन महसूल खात्याकडे, देखभाल महापालिकेकडे, काही तलाव विकास प्राधिकरणाकडे, काही वनखात्याकडे, काही लघुपाटबंधाऱ्याकडे. त्यात येणारं सांडपाणी पाणीपुरवठा मंडळाचं, त्याचा वास प्रदूषण मंडळाचा. सप्टेंबर २०२५मध्ये जुनी महापालिका जाऊन ग्रेटर बंगळूर प्राधिकरण आलं, त्याखाली पाच महापालिका झाल्या. आता एखादा राजकालुवे एका महापालिकेत उगम पावून दुसरीत अडतो आणि तिसरीत तुंबतो. पूर कुठल्या हद्दीतला, यावर पाणी ओसरेपर्यंत बैठक चालू शकते.

आपल्याकडे महाराष्ट्रात काही निराळं आहे असं समजून सुखावू नका. पुण्यात पुराची निळी रेषा आहे, लाल रेषा आहे, आणि २५ जुलै २०२४ला एकतानगरीत दोन्ही रेषा पहिल्या मजल्यावरून वाचता येत नव्हत्या. अनधिकृताला अधिकृत करून घ्यायची गुंठेवारी आपली, तर अक्रम-सक्रम त्यांची. त्यांच्याला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये स्थगिती दिली, एवढाच फरक.

तेव्हा ज्यांची मुलं-मुली बंगळुरात घर बघत आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कर्नाटक सरकारचं 'दिशांक' नावाचं ॲप आहे. साइटवर उभं राहून उघडलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो. त्या नंबरचा गाव नकाशा काढा आणि उताऱ्यात 'बी खराब' अशी नोंद आहे का बघा. बी खराब म्हणजे तलाव, नाला, वाट अशा सार्वजनिक कामाची सरकारी जमीन. तिच्यावर बिल्डरने कितीही सुंदर बाग केली तरी ती त्याची नाही आणि उद्या तुमचीही नसेल. एनओसी मोजत बसू नका, त्यांच्या तारखा बघा. आणि घर दाखवण्याचा बिल्डरांचा हंगाम जानेवारी ते मे असतो, चहा-समोसेही तेव्हाच मिळतात. तुम्ही सप्टेंबरात जा, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, सकाळी. गाडी तळघरात लावू नका.